वीरगळाची खोळ

खोळ निसटली तेव्हा शुभदा पाठमोरी होती. ओला चिखल थापकन पडावा तसा आवाज झाला. वळून पाहते तर देवळामागच्या वीरगळाचा खालचा भाग उघडा पडलेला आणि रुचिर हातात कापसाचा बोळा धरून उभा. त्याच्या पायाशी शेंदराचा भाकरीएवढा रुंद, चार बोटं जाड तुकडा.

"मी नुसतं तेल टिपत होतो मॅडम. उन्हानं चमकत होतं म्हणून."

दुपारपासून त्याने फोटोसाठी चंदेरी पत्र्याने ऊन दगडावर परतवलं होतं. आतलं तेल सुटलं, थर मऊ झाला. कॅमेरा तिकाटण्यावर होता. बटण दाबल्यावर थोड्या वेळाने तो आपोआप फोटो काढायचा. तेवढ्यात रुचिरला तेलाचा ओघळ दिसला आणि तो पुसायला धावला.

२००४ सालचा फेब्रुवारी होता. पोलादपुरातून उमरठकडे जाताना वरच्या अंगाला आडकोंड लागतं. पुण्याची एक संस्था लढताना पडलेल्या माणसांच्या या कोरीव दगडांचा संग्रह संगणकावर उभा करत होती. रुचिर त्यांचा छायाचित्रकार. शुभदा महाडच्या कॉलेजात इतिहास शिकवायची आणि आडकोंड तिचं माहेर. म्हणूनच गावाने हो म्हटलं. महादू गुरवाने देवाला पाकळ्या लावून कौल घेतला, उजवी पडली. अट एकच: शेंदराला हात लागता कामा नये. त्याचा शब्द शुभदाने सभामंडपात सगळ्यांसमोर दिला होता.

पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर चढून त्या दगडाला खोळ आली होती. आतलं कोरीवकाम बघितलेलं माणूस आडकोंडात जिवंत नव्हतं. कित्येक पिढ्यांत एकदा खोळ आपोआप गळते. मग देवाने जुनं वस्त्र टाकलं म्हणतात आणि वाजतगाजत ती सावित्री नदीत सोडतात. माणसाच्या हाताने निघाली तर काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. तसं कधी झालंच नव्हतं.

"आतलं बघा तरी," रुचिर कुजबुजला आणि त्याने आणखी एक फोटो घेतला.

तेवढ्यात दिवा लावायला ठकूबाई आली. तिने दगड पाहिला, पायाशी पडलेला शेंदूर पाहिला, आणि तेलाची वाटी खाली ठेवून तिने हात जोडले.

"अगो बाय! देवान खोळ टाकलीन! आवो हैबतीभावजी, देवान खोळ टाकलीन!"

शुभदाने तोंड उघडलं. शब्द फुटेपर्यंत ठकूबाई देवळाला वळसा घालून पळालीसुद्धा. खालच्या वाडीतून हाकांना हाका मिळू लागल्या.

"मॅडम," रुचिर घाईघाईने म्हणाला, "त्यांना आनंदच झालाय. आपण गप्प राहू. उद्या नदीकाठचे चार दगड करायचेत. आज बोललात तर ते गेले. आणि तुम्हाला इथं कोण उभं करील?"

खरं होतं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन फोटो लागोपाठ होते. पहिल्यात रुचिरचा हात, बोळा आणि अर्धवट घसरलेली खोळ. दुसऱ्यात उघडा दगड.

"पहिला डिलीट करतो," तो म्हणाला.

"कॅमेरा इकडे दे."

हैबतीकाका आले. शुभदाच्या बापाच्या माघारी गावात तिचं माहेर होतं ते या चुलत्यामुळे. त्यांच्या मागून महादू गुरव आला. देवळापुढे कुणीतरी ढोल ताणायला घेतला होता, त्याची टिपरी मधूनच वाजत होती.

"तुझ्या पायगुणान झाला गो सगला," काका हसत म्हणाले. "माझ्या आज्यान पण बघितला नव्हता. यंत्रात आला का? दाखव, देव कसा मोकळा झाला."

तिने कॅमेरा पुढे केला. पहिलाच फोटो.

काकांनी डोळे बारीक केले. हसू हळूहळू उतरलं. त्यांनी रुचिरकडे पाहिलं, त्याच्या शेंदरी बोटांकडे पाहिलं.

"हात कुणाचा ह्यो?"

"शब्द माझा होता काका. हात माझाच समजा."

महादू गुरव दोन पावलं मागे सरला. ढोल वाजायला लागला होता. काका तिच्या कानाशी आले.

"अजून कुणाला कळला नाय. महादू माझ्या श‍बदाभायेर नाय. ह्यो हाताचा तेवढा पुसून टाक. गावाला मी सांगतो, आपसूक पडली."

"मग दुसराही पुसावा लागेल."

"तो कशाला?"

"तो कसा मिळाला हे लपवून तो ठेवायचा नाही मला. राहतील तर दोन्ही राहतील, जातील तर दोन्ही जातील. तुम्ही सांगा."

तिने दुसरा फोटो लावला. काकांनी पडदा डोळ्यांजवळ नेला. आडकोंडात सांगत, आपला पूर्वज गडावर तलवार चालवताना पडला. दगडात गड नव्हता. काठी उगारलेला एक माणूस होता, समोर तिघे भालेकरी आणि त्याच्या पाठीशी बैल, गाय, वासरू. गाईची मान त्याच्या खांद्यापर्यंत आली होती.

"गुरांपायी मेला," काका म्हणाले. स्वतःच्या गोठ्यात आठ जनावरं बांधलेला माणूस तो.

मग ते तडक देवळापुढे गेले. ढोल थांबला.

"खोळ देवान टाकली नाय. आमच्याच माणसाच्या हातान निघाली," त्यांचा आवाज ऐकू आला. मागोमाग गलका उसळला. शिव्या आल्या, शुभदाचं नाव आलं. "शिकली म्हणून देवाला नागडा करतेय काय?" कुणीतरी ओरडलं. रुचिर घाईघाईने तिकाटणं मिटू लागला.

काका परतले ते शेंदराची पुडी आणि तेल घेऊन. कुणाला हात लावू न देता त्यांनी स्वतः दगड माखला. आधी वासरू झाकलं, मग गाय, शेवटी माणूस. पडलेला तुकडा त्यांनी पंच्यात बांधून महादूकडे दिला.

"नदीकाठला जायचा नाय," ते शुभदाकडे न बघता म्हणाले. "आणि येत्या जत्रेला येव नको. लोका ऐकायची नायत."

"बरं काका."

"फोटो दोन्ही राहू दे."

ती पायरी उतरली. पायवाटेच्या वळणावर मागून हाक आली.

"शुभे! थांब गो."

काका धापा टाकत आले. शेंदराने माखलेले हात त्यांनी अंगापासून लांब धरले होते.

"ती गाय एकदा दाखव."

तिने कॅमेरा त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. कोपऱ्यात बॅटरीची लाल खूण लुकलुकत होती. काका पापणी न हलवता बघत राहिले. पडदा काळा झाला, तरी तिने हात खाली घेतला नाही.