सेन्सेशनल सरांचं आभारप्रदर्शन

आमच्या चेरीताल मोहल्ल्यात अच्युत सर, म्हणजे मी, कुठं राहतो विचाराल तर कोणी सांगायचं नाही. ‘सेन्सेशनल सर’ म्हणा, रिक्षावाला थेट दारात आणून सोडतो. तीस वर्षं इंग्रजी शिकवून माझी कमाई काय, तर एक विशेषण!

शिकवतो मात्र ठणकावून. "बेटा, सेन्सेशनल म्हणजे एकतर अंगावर काटा येईल असं सुंदर, नाहीतर पेपरवाले तिखटमीठ लावून छापतात ते. हर चीज़ पे मत चिपकाओ!" पोरं वहीत लिहून घेतात. आणि मी? पोहे सेन्सेशनल, नळाचं पाणी सेन्सेशनल, जवळच्या पाटन गावाहून आलेले मटार तर विचारूच नका.

आमच्या मराठी मंडळात आभार मानायचं काम दरवर्षी माझ्याकडे असतं, तेही इंग्रजीत. काहून इंग्रजीत, हे विचारायची कोणाची टाप नाही. यंदाच्या कार्यक्रमात माझी बायको इंदू बावीस वर्षांनी गायली. मग मी माईक धरला. इंदूचं गाणं सेन्सेशनल, चिवडा सेन्सेशनल, माईकवाल्या तुळशीरामचं वायरिंगसुद्धा सेन्सेशनल! टाळ्या पडल्या आणि मी टम्म फुगलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदू नागपूरच्या गायन स्पर्धेचा फॉर्म घेऊन माझ्यासमोर बसली. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस तोच होता.

"अहो, खरं सांगा. माझा आवाज राहिला आहे का? नसेल तर गाणं सोडते, एकदाचं."

"अगं, सेन्सेशनल आवाज आहे!"

"ते तर तुम्ही वायरिंगलाही म्हणाले. मराठीत सांगा. कुठं जमलं, कुठं बिघडलं?"

मी चहाचा घोट घेतला. मग दुसरा घेतला. सांगायला काही असेल तर ना! ती गात होती तेव्हा मी महाशय विंगेत उभा राहून स्वतःचं भाषण घोकत होतो. टाळ्या वाजल्या, तेव्हा कळलं की गाणं संपलं.

"काहून नुसता चहाच पिऊन राहिले?"

"इंदू, मी ऐकलंच नाही."

वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. पण तिनं फॉर्मची घडी घातली आणि उठली. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"आत्ता म्हण," मी म्हणालो. "मी इथून हलत नाही."

"भाजी फोडणीला टाकायची आहे."

"राहू दे भाजी. म्हण."

ओट्याला टेकून, माझ्याकडे न बघता तिनं कालचंच गाणं म्हटलं. मी कप खाली ठेवून शेवटपर्यंत ऐकलं. ओठांवर आलेला तो मेला शब्द गिळला.

"दुसऱ्या कडव्यात श्वास तुटला," मी चाचरत म्हणालो. "वरचा सूर लागला नाही. पण शेवटची ओळ तू हळू घेतली ना, तेव्हा मला रडू येऊन राहिलं होतं."



"काल पण तिथंच तुटला होता," ती म्हणाली. "घरी आल्यावर तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहत होते."

मग तिनं फॉर्मची घडी उलगडली, माझ्या खिशातलं पेन काढलं आणि नाव लिहायला घेतलं.