रुपयाएवढा उघडा पत्रा

मित्रांनो, वय लपवायची सवय मला नाही. मी एक जुनी फियाट आहे, एक्क्याऐंशी सालची, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असलेली. पुनावळ्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी ज्या ऐटीत उभी असते, तशी आजूबाजूच्या पन्नास गाड्यांतली एकही उभी राहत नाही. स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात, पण माझ्या वयाच्या बहुतेक मैत्रिणी भंगारात गेल्या. आता माझं कौतुक मलाच करावं लागतं.

माझा जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला. त्या काळी गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. कासारवाडीचे डॉक्टर अण्णासाहेब पाच वर्षं थांबले आणि मला घरी घेऊन आले, तेव्हा दवाखान्यातले पेशंटसुद्धा औषध विसरून मला बघायला बाहेर आले. पंचवीस वर्षं मी डॉक्टरांना व्हिजिटला नेलं. मग त्यांचे गुडघे गेले आणि मी बदामाच्या झाडाखाली उभी राहिले. पाखरांनी माझ्या टपाची जी दशा केली, ती सांगण्यासारखी नाही.

डॉक्टरांच्या पेशंटांत विलास नावाचा एक कामगार होता. चाकणला एका गाड्यांच्या कंपनीत तो पेंट शॉपला होता. नंबर येईपर्यंत इतर लोक खुर्चीवर पेंगायचे, हा मात्र माझ्याभोवती फिरून कुठं गंज धरलाय ते बोटानं चाचपायचा. शेवटी डॉक्टरांनी माझे कागद आणि किल्ली त्याच्याच हातात दिली. कुणा दलालाला दिली नाही, याचा मला आजही अभिमान आहे.

विलास रिटायर झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून माझ्या मागे लागला. वर्षभर त्यानं मला खरवडलं, पुटी भरली, प्राइमर मारला, घासलं, पुन्हा मारला. मग मोरपंखी रंगाचे तीन हात आणि त्यावर लॅकर. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्याचा एकच नियम होता: उघडा पत्रा दिसला की गाडी रिजेक्ट. माझ्या बॉनेटच्या आत, चाकांच्या वर, बोल्टांच्या खाली, कुठंही त्यानं नखाएवढी जागा सोडली नाही. बोल्ट आवळताना नव्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून त्याखाली रबराचे वॉशरसुद्धा घातले. एवढे लाड करणारं माणूस मला जन्मात मिळालं नव्हतं.

आणि तिथूनच माझं दुखणं सुरू झालं.

पहिल्यांदा किल्ली फिरवली तेव्हा स्टार्टर कण्हला आणि बॉनेटमधून धूर आला. सनी नावाचा इलेक्ट्रिशियन आला. त्यानं जळालेली बारीक वायर बदलली, मीटर लावला, बीप वाजली, आणि अर्थिंग ओके आहे असं सांगून तो गेला. आठ दिवसांनी तीच वायर पुन्हा जळली. सनीनं पुन्हा बदलली आणि या खेपेला सगळा दोष माझ्या वयावर टाकला. जुनी गाडी आहे काका, चालायचंच, असं तो माझ्या तोंडावर म्हणाला. मला राग आला, पण बोलायची सोय नव्हती. तशातच उजवा इंडिकेटर लावला की डावा हेडलाइट डोळा मिचकावायचा आणि हॉर्न दाबला की दोन्ही दिवे मंद व्हायचे. भर रस्त्यात या वयात डोळे मिचकावणं मला शोभत नव्हतं.

मंगळवारी मात्र कहर झाला. विलासची बायको कस्तुरा पुढच्या सीटवर बसली होती. विलासनं किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डच्या खालून तिच्या पायाशी धूर निघाला. त्यानं तिला हाताला धरून बाहेर ओढलं आणि बॅटरीची केबल उपसून काढली. कुणाला काही झालं नाही.

शुक्रवारी सकाळी माझं आरटीओचं पासिंग होतं. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांना दर पाच वर्षांनी ते करावं लागतं. माझ्या कागदांची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. नापास झाले की रस्ता बंद, आणि रस्ता बंद झालेल्या गाडीचं पुढं काय होतं ते मी माझ्या मैत्रिणींकडे बघून शिकले होते. विलासनं तेवढीही वाट बघितली नाही. त्यानं भंगारवाल्याला फोन लावला आणि शुक्रवारीच यायला सांगितलं. नंतर तो घरात जाऊन बसला तो खाली आलाच नाही. वर्षभर रोज सकाळी येऊन माझ्यावर फडकं फिरवणारा माणूस दोन दिवस माझ्याकडे फिरकला नाही, तेव्हा मला खरंच रडू आलं.

आमच्याकडं गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते. विलासची मुलगी मैत्री त्या दिवशी घरी होती. ती चाकणलाच एका वायरिंगच्या कंपनीत लाइन सुपरवायझर आहे. तिच्या हाताखालून रोज शेकडो गाड्यांचं वायरिंग जातं. कस्तुरानं तिला जिन्यातच गाठलं.

"गाडी गेली तर जाऊ दे," कस्तुरा म्हणाली, "पण हा माणूस दोन दिवस जेवंना झालाय. आपल्या हातानं बायकोला जाळली असती, एवढंच म्हणतोय."

मैत्री मीटर आणि टॉर्च घेऊन खाली आली. आधी तिनं जळालेल्या वायरीकडे बघितलंच नाही. कस्तुरा जिथं बसली होती तिथं ती वाकली आणि चोकची कडी हातात धरली. थंडीत मला लवकर जागं करायला डॅशबोर्डवरची ही कडी ओढतात, आणि तिची पोलादी तार आतून थेट इंजिनापर्यंत जाते. त्या तारेचं प्लास्टिक वितळून कडीला चिकटलं होतं. मैत्री बराच वेळ त्याकडे बघत राहिली. चोकच्या तारेत करंट सोडलेलाच नसतो, मग ती तापली कशानं?

तिनं विलासला खाली बोलावलं. तो यायला तयार नव्हता. शेवटी ती वर गेली आणि हाताला धरून घेऊन आली. बॅटरीची केबल जोडून तिनं मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला लावली, दुसरी इंजिनाला, आणि विलासला क्षणभरच किल्ली फिरवायला सांगितलं. मीटरवर अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा यायला हवा होता. तो आला सहा. मग तिनं दुसरी पिन इंजिनावरून काढून बॉडीला लावली आणि पुन्हा किल्ली फिरवायला सांगितलं. आकडा जवळजवळ शून्य, म्हणजे बॉडीपासून बॅटरीपर्यंतची वाट ठीक होती.

मित्रांनो, यातली गोम तुम्हाला सांगते. बॅटरीतून निघालेला करंट काम करून बॅटरीकडेच परतावा लागतो. इंजिनापासून बॉडीला तांब्याची एक विणलेली जाड पट्टी बांधलेली असते. तिच्यावरून करंट बॉडीत येतो आणि बॉडीतून बॅटरीत जातो. याला गॅरेजवाले अर्थिंग म्हणतात. माझ्या इंजिनाचा करंट या पट्टीवरून बॉडीपर्यंत पोचतच नव्हता. तो बिचारा सापडेल त्या बारीक वायरीतून, चोकच्या तारेतून वाट काढत होता आणि तिला जाळत होता. सनीच्या मीटरची बीप खोटी नव्हती. मीटरचा चिमूटभर करंट चोकच्या तारेतूनही जातो. पायवाटेनं माणूस जाऊ शकतो, म्हणून तिथून ट्रक जात नाही.

खात्री करायला मैत्रीनं एक जाड जम्पर केबल बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाला लावली. विलासनं किल्ली फिरवली. मित्रांनो, मी एका दमात गरजले. चौथ्या मजल्यावरची माणसं गॅलरीत आली.

विलासचा चेहरा मात्र उतरलेलाच. मैत्रीनं खडू घेतला आणि पार्किंगच्या फरशीवर लिहिलं: का? हा कंपनीतला खेळ आहे. काही बिघडलं की पाच वेळा का विचारायचं, मधेच थांबायचं नाही. विलासला यात कधीकाळी पहिलं बक्षीस मिळालं होतं, त्यामुळे त्याला उत्तरं देणं भाग पडलं. वायर का जळली? तिच्या ताकदीबाहेरचा करंट गेला. तिच्यातून का गेला? इंजिनाच्या करंटला दुसरी वाट नव्हती. पट्टी तर नवी आणि घट्ट आहे, मग वाट का नव्हती? विलासनं पाना घेतला, बोल्ट सोडवला आणि पट्टी उचलली. खाली मोरपंखी रंग आरशासारखा चमकत होता आणि वर रबराचा वॉशर होता. करंटला पत्र्याचं दर्शनच नव्हतं.

तिथं रंग का आला? रंगाआधी ती जागा झाकायची राहिली, हे चौथं उत्तर तिनं स्वतःच लिहिलं आणि ती का राहिली, या पाचव्या प्रश्नापाशी थांबली. बापाला विचारायला तिची जीभ रेटेना. खडू विलासनंच तिच्या हातातून घेतला.

"आमच्याकडं गाडी यायची ती टेप लावून यायची," तो म्हणाला. "टेपखाली काय आहे ते आम्ही कधी बघितलं नाही. पुढं कुणीतरी काढायचं. तेहतीस वर्षं मी रंग मारला, पण कुठं मारायचा नाही ते दुसऱ्याच कुणाला तरी माहीत होतं."

मग त्यानं पाचव्या जागी स्वतःचं नाव लिहिलं. सुवाच्य अक्षरात, आडनावासकट.

पॉलिश पेपर आणायला मैत्री निघाली, तेव्हा त्यानं तिला थांबवलं. हे माझं काम आहे, म्हणाला. ज्या हातानं तो रंग चढला होता, त्याच हातानं तो उतरवताना विलासनं एकदा डोळे मिटले. मग रुपयाएवढा गोल त्यानं असा घासला की आतला पत्रा चांदीसारखा पांढरा झाला. मला गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू. पट्टीच्या दोन्ही टोकांची आणि प्रत्येक दिव्याच्या स्क्रूची जागा त्यानं तशीच उघडी केली. रबराचे वॉशर गेले, दातेरी वॉशर आले. गंज धरू नये म्हणून बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलिन लागलं. जळालेल्या वायरी आणि चोकची तार मैत्रीनं बदलली. संध्याकाळी तिनं पुन्हा मीटर लावला. शून्य पूर्णांक दोन. विलास पोटभर जेवला, असं दुसऱ्या दिवशी कस्तुराच सांगत होती.

शुक्रवारी सकाळी मी पहिल्या किल्लीला सुरू झाले. भंगारवाल्याला विलासनं फोनवर सांगितलं की गाडी गावाला गेली. कस्तुरा स्वतःहून पुढच्या सीटवर बसली. निगडी ओलांडून स्पाइन रोडला लागलो तेव्हा ट्रेलरवर चढून निघालेल्या नव्या कोऱ्या गाड्या शेजारून चालल्या होत्या. मी माझ्या पायांनी चालले होते, त्या मात्र कडेवर बसून. मी हॉर्न वाजवला, आणि दिवे तसूभरही मंद झाले नाहीत.

आरटीओच्या मैदानावर साहेबांनी इंडिकेटर, हेडलाइट, ब्रेक, हॉर्न, सगळं बघितलं. मग चेसिस नंबर पडताळायला बॉनेट उघडलं आणि रंग बघून ते चाट पडले. असलं काम हल्ली कुणी करत नाही, असं ते शेजारच्या माणसाला म्हणालेसुद्धा. तेवढ्यात त्यांची नजर त्या पट्टीच्या बोल्टाभोवती गेली.

"एवढा भारी रंग, आणि इथंच उडालाय?"

"उडालेला नाही साहेब," विलास ताठ मानेनं म्हणाला. "मीच काढलाय. मारला होता तोही मीच. चूक होती ती."

साहेबांनी शिक्का मारला. पाच वर्षं मिळाली, मित्रांनो. या वयात पाच वर्षं म्हणजे काय ते तुमच्या आजोबांना विचारा.

तेव्हा माझं एवढं ऐका. घरात काही जळलं, बिघडलं, तर ते नुसतं बदलून मोकळे होऊ नका. का ते विचारा, आणि शेवटचं उत्तर आपल्याच दारात आलं तर दार लावून घेऊ नका. आणि मला पुन्हा कधी रंगवायची वेळ आली, तर हौसेनं रंगवा. रुपयाएवढा पत्रा तेवढा उघडा सोडा. माझा जीव तिथून परत येतो.