पडलेल्या छताचा एक तुकडा

मी छताचा तुकडा आहे. छत 'कोसळले' असे कागदोपत्री लिहिले गेले. तो शब्द मला मोठा वाटतो. कोसळण्यासाठी आधी भक्कम असावे लागते. ओल्या भिंतीचा पोपडा सुटावा, तसे आम्ही केवळ सुटलो.

माझा जन्म शिरूर तालुक्यातल्या एका गावी, अंगणवाडीच्या माथ्यावर झाला. गावाचे नाव घेत नाही. घेतले तर शेजारची गावे उगाच स्वतःला शहाणी समजतील. माझ्यात खडी होती, मातकट चुरा होता, आणि 'होते' म्हणण्यापुरते सिमेंट होते. बोटाएवढी सळई हवी तिथे पेन्सिलीहून बारीक सळई घातली होती. वरचा गिलावा मात्र असा गुळगुळीत, की उद्घाटनाच्या पाहुण्यांनी भिंतीवर हात फिरवून 'वा!' म्हटले. माणसे वरवरूनच हात फिरवतात, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो.

चौथ्या वर्षी, भाद्रपदातल्या एका दुपारी, मुले खिचडी खाऊन घरी गेल्यावर आम्ही सुटलो. खाली मदतनीस धुरपदाबाई पातेले घासत होती. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला.

सर्वांत आधी धावून आले ते गवंडी मेहमूदभाई. त्यांनी बाईला बाहेर काढले, झोळीत घालून दवाखान्यात रवाना केले, आणि मग ढिगाऱ्यापाशी परत येऊन मला उचलले. माझ्यातून डोकावणाऱ्या सळईकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मला घरी नेऊन त्यांनी हत्यारांच्या पेटीत ठेवले.

"ह्यो दगुड कशाला?" त्यांच्या पत्नीने, शहाबानोने विचारले.

"दगुड न्हाई. धुरपदाताईचा साक्षीदार हाय ह्यो."

पंधरवड्याने तिघे साहेब चौकशीला आले. ठेकेदाराच्या मळ्यात त्यांचे जेवण झाले. त्यानंतर जी जागा उरली होती, तिची तपासणी झाली. पडलेल्या छताचा ढिगारा तोवर ट्रॅक्टरने उचलला गेला होता. मग त्यांनी उभ्या असलेल्या खांबाचा नमुना घेतला. पंचांच्या सह्या झाल्या, लाख तापली, मोहोर उमटली, धुरपदाबाईला पावतीही मिळाली. खांब खरोखरच बरा होता. म्हणून तर तो उभा होता!

अहवालात लिहिले होते, की मदतनिसाने निष्काळजीपणे छतावर धान्याचा अवाजवी भार टाकला. बाईने त्या दिवशी वर दोन सुपे मटकी वाळत घातली होती. सुपांची पोती कुठे झाली, ते कोणालाच कळले नाही. तिचे काम गेले. त्याहून खोल लागला तो 'निष्काळजी' हा शब्द. आमच्याही आधीपासून, अकरा वर्षे तिने दुसऱ्यांच्या लेकरांची तोंडे पुसली होती. आता त्याच लेकरांच्या आया रस्त्यात भेटल्या, की तिच्याशी जरा जपून बोलत.

अर्ज झाले, उपोषण झाले. दीड वर्षाने दुसरी चौकशी लागली. या वेळी सुलक्षणा नावाच्या तरुण अधिकारी बाई एकट्याच आल्या. सरपंचाकडचे जेवण त्यांनी नाकारले. शाळेच्या आवारात बाभळीखाली बसून स्वतःचा डबा खाल्ला, बाटलीतले पाणी प्यायल्या. सारे गाव हे दुरून पाहत होते. मग त्या मेहमूदभाईंकडे आल्या आणि बसल्या त्या नेमक्या माझ्याच पेटीवर.

"छताचा एक तुकडा तुमच्याकडे आहे असं कळलंय. तो मिळाला, तर धुरपदाबाईंवरचा ठपका मला पुसता येईल."

"कसला तुकडा, म्याडम? मलबा तवाच उचलला की."

काठी टेकत आलेली धुरपदाबाई दाराशी उभी होती. अधिकारी बाई तिच्याकडे वळल्या. "तुम्ही तरी सांगा. मी रीतसर पावती देते."

"पावती मागल्यांनीबी दिली व्हती," धुरपदाबाई म्हणाली.

"चहा तरी घ्या," शहाबानोने कप पुढे केला.

"नको, ताई. चौकशीवर असताना मी काही घेत नाही."

त्या गेल्या. ओट्यावर बसलेले कोंडिबाआप्पा तंबाखू मळत म्हणाले, "बघितलं का? चहाला शिवली न्हाई. आरं, प्वाट भरल्यालं माणूसच नगं म्हणतं! ही वरनंच जेवून आलीया."

सगळे हसले. धुरपदाबाई हसली नाही. "भाई, चुकलं का आपलं?"

"ताई, मागले जेवून फसवून गेले. ही न जेवता फसवणार न्हाई कशावरनं? आन् ह्यो गेला, तर आपल्याकडं उरतंय काय?"

मला ओरडता आले असते, तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. पण त्यांना दोष तरी कसा देऊ? एकदा भाजलेल्या हाताला गार तवा कसा ओळखू यावा?

'पुरावा उपलब्ध न झाल्याने पूर्वीचा निष्कर्ष कायम.' महिनाभरात सुलक्षणाबाईंची दूर बदली झाली. ते ऐकून कोंडिबाआप्पांनी मळलेली तंबाखू तशीच झटकून टाकली. मग पुटपुटले, "बदली केली म्हंजी सरळ व्हती की रं."

त्यानंतर माझे दाखवणे सुरू झाले. पाहुणा आला, की मेहमूदभाई मला बाहेर काढीत, अंगठ्याने घासीत आणि गळणारी माती त्याच्या तळहातावर धरीत. "बघा, ह्याला सिमीट म्हणायचं का?" भांडगावला लेकीच्या, लुबनाच्या सासरी मी घासला गेलो. कारेगावात मुलाच्या, फिरोजच्या खोलीवर कारखान्यातल्या सोबत्यांपुढे घासला गेलो. प्रत्येक जण हळहळला. ज्यांना आधीच पटलेले होते, त्यांनाच पटवण्यात मी झिजत गेलो. ज्यांच्यापुढे जायचे होते, त्यांच्यापुढे कधीच गेलो नाही.

आता तिसऱ्या चौकशीची नोटीस आली आहे. शिरूरला हजर राहावे, सोबत पुरावा आणावा. काल संध्याकाळी धुरपदाबाई मेहमूदभाईंकडे आली. "भाई, या खेपंला देऊन टाकू."

त्यांनी पेटी उघडली. सळई वेगळी पडली होती. माझा लिंबाएवढा गोळा उरला होता, बाकी भुगा. मेहमूदभाईंचा चेहरा उतरला.

"ताई, आता हे कुठलंबी वाटंल गं. त्याच छताचं हाय म्हणून कोण मानंल? म्याच खाल्ला ह्याला, घासून घासून."

धुरपदाबाईने पदराच्या टोकाने पेटीचा तळ पुसून भुगासुद्धा गोळा केला. एका फडक्यात सळई, गोळा आणि भुगा एकत्र बांधला. "असू द्या. जेवढं हाय तेवढं देती. इचारलं, तर बाकीचं कुठं गेलं तेबी सांगती."

या क्षणी मी एसटीत, तिच्या मांडीवर आहे. रस्ता खडबडीत आहे. प्रत्येक खड्ड्याला माझा एखादा कण सुटतो, आणि ती फडक्यावरचा हात अधिक घट्ट करते. शिरूरला कोण बसले असेल, जेवून आलेले की न जेवता आलेले, मला ठाऊक नाही. तिलाही नाही.

ही गाठ जो कोणी सोडील, त्याला एवढेच विनवतो : आधी खिडकी लावून घ्या, आणि मग सावकाश सोडा. आता मी नुसत्या वाऱ्यानेही कमी होतो.