दुसरं आणि पाचवं घर

निवृत्त मोजणीदारांनी वडिलांचं रिव्हॉल्व्हर दुकानातल्या टेबलावर ठेवलं आणि आधीच सांगून टाकलं, "बिघाड काही नाही. आमच्या ताईचं समाधान व्हावं म्हणून आणलंय."

बंदुका दुरुस्त करणाऱ्या बाईंनी नुसती मान डोलावली. 'बिघाड काही नाही' म्हणत आलेली निम्मी हत्यारं बिघडलेलीच असतात, हे त्यांना वीस वर्षांत कळून चुकलं होतं. त्यांनी गोळ्या भरायचं चक्र बाहेर काढलं, त्याची सहाही घरं रिकामी असल्याची दोनदा खात्री केली आणि विचारलं, "ताईंचं म्हणणं काय?"

"म्हणे, मी बार काढला की तिच्या गालाला काहीतरी टोचतं. दर रविवारी नेमबाजीच्या मैदानावर आम्ही शेजारी शेजारी उभे राहतो. तरुणपणापासूनची सवय. आता दोन महिने झाले, ती फिरकलीच नाही."

"तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

मोजणीदार जरा घुटमळले. "म्हटलं, ताई, वय झालं की डास चावला तरी गोळी लागल्यासारखं वाटतं."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दिवा जवळ ओढला. चक्र जिथे नळीला भिडतं तिथे उजव्या बाजूला शिशाचा करडा थर बसला होता. त्यांनी तो नखाने खरवडून पाहिला, मग खडूने घरांवर एक ते सहा आकडे घातले आणि चक्र परत बसवलं.

"आता घोडा ओढा. रविवारी ओढता तसाच."

मोजणीदारांनी अंगठ्याने घोडा सावकाश मागे घेतला. तो पूर्ण मागे येता येता चक्राखालचा खटका बसला, टक्. बाईंनी चक्र हलवून पाहिलं. घट्ट होतं. दुसऱ्या घराला मात्र घोडा पूर्ण मागे आला तरी आवाज झालाच नाही. बाईंनी बोटाने चक्र केसभर पुढे ढकललं, तेव्हा कुठे टक् झालं. तिसरं ठीक, चौथं ठीक. पाचव्याला पुन्हा तेच.

"पुन्हा करतो," मोजणीदार म्हणाले. एकदाच घेतलेल्या मापावर त्यांनी जन्मात कधी विश्वास ठेवला नव्हता. तीनदा केलं. तिन्ही वेळा तीच दोन घरं अडली.

मग बाईंनी स्वतः घोडा झटक्याने ओढला. सहाही घरं जागच्या जागी बसली.

"हे बघा, चालतंय की," मोजणीदार म्हणाले.

"झटका दिला की चक्र आपल्याच वेगाने पुढे जाऊन बसतं. सावकाश ओढलं की झीज उघडी पडते. चक्राला पुढे ढकलणारं हे पोलादी बोट झिजलंय, आणि या दोन घरांचे दातेही. घर नळीच्या समोर पुरतं येत नाही. मग गोळी नळीच्या कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. ताई कुठल्या बाजूला असतात?"

"उजव्या. पण इतकी वर्षं काही झालं नाही. आत्ताच का?"

"अंगठा कधीपासून दुखतोय? त्याआधी तुम्ही घोडा झटक्यानेच ओढत असणार."

मोजणीदारांनी आपल्या सुजलेल्या पेराकडे पाहिलं. "दोन वर्षं होतील." मग हळूच म्हणाले, "म्हणजे वय माझं झालंय."

"तुमचं आणि याचं," बाई म्हणाल्या. "ताईंचं मला माहीत नाही."

मोजणीदारांनी तिथूनच ताईंना फोन लावला. अर्ध्या तासात ताई आल्या. भावापेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, ताठ चालणाऱ्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डाव्या काचेवर बारीक खड्डा पडला होता.

"चष्मा नसता तर डोळा गेला असता," बाई म्हणाल्या.

"ताई, चुकलो मी."

"मला शिशाचा राग नव्हता रे. तू हसलास, आणि मैदानावर ज्याला त्याला सांगत सुटलास."

"त्या सगळ्यांना आता हेही सांगतो."

"सांग. मी ऐकायला येईन."

दुरुस्तीला नऊ दिवस लागले. बाईंनी नवं बोट जरा मोठंच घडवलं आणि कानसीचा एकेक हात मारत सहाही घरांना जुळवलं. मग रिव्हॉल्व्हरच्या दोन्ही बाजूंना पांढरे कागद टांगून बार काढले. कागद कोरे राहिले.

रविवारी मोजणीदारांनी मैदानावर सगळ्यांसमोर चूक सांगितली, दोन आणि पाच या आकड्यांसकट. दोघातिघांनी खाली पाहिलं. डासाच्या विनोदावर तेही हसले होते. मग मोजणीदारांनी रिव्हॉल्व्हर ताईंच्या हातात दिलं, डोळ्यांवर जाड चष्मा चढवला आणि ताईंच्या उजव्या हाताला जाऊन उभे राहिले.

ताईंनी घोडा सावकाश ओढून बार काढला. सहा वेळा.

"टोचलं काही?"

"नाही."

"मग सरक," ताई म्हणाल्या. "ती माझी जागा आहे."