जुडीत काय होतं

पिरिबेबुई या लहानशा गावाच्या बाजारात तेव्हा बर्फ अजून लाकडाच्या भुशात गुंडाळून यायचा, आणि औषधी पाला विकणाऱ्या बायका चर्चच्या भिंतीच्या सावलीत ओळीने बसायच्या. ओळीतली पहिली जागा न्या सेवेरियानाची. वयाने आणि मानाने मोठ्या झालेल्या बाईच्या नावाआधी हे ‘न्या’ आपोआप लागायचं, कुणी लावावं लागत नसे. तिच्या पुढ्यात लाकडी उखळ, उजव्या हाताला ओल्या गोणपाटाखाली मुळं, डाव्या हाताला पाला. गिऱ्हाइकाने दुखणं सांगायचं. सेवेरियानाने हवं ते उचलून जुडी करायची, उखळात दोन-चार घाव घालायचे आणि तो लगदा गिऱ्हाइकाच्या थंड पाण्याच्या भांड्यात सोडायचा. मग दिवसभर तेच पाणी तेरेरेच्या, म्हणजे गार पाण्यात भिजवून प्यायच्या पाल्याच्या, शिंगात ओतून नळीने ओढत बसायचं. जुडीत काय घातलं हे कुणी विचारत नसे. ते विचारणं म्हणजे विकणारीच्या हातावर शंका घेणं. आणि विकणारीही सांगितलं त्यापुढे खोदून विचारत नसे. बाजारात चार कान असतात, बाईने अर्धं बोलावं आणि दुसरीने पुरतं समजावं, अशी ती रीत होती.

पेर्पेतुआ आली ती भर दुपारी, सगळा बाजार पेंगत असताना. ती सेवेरियानाची कोमाद्रे. पेर्पेतुआच्या मुलीला, एमिल्सेला, बाप्तिस्म्याच्या वेळी सेवेरियानाने धर्ममाता म्हणून हातांवर धरलं होतं, आणि तेव्हापासून दोघी एकमेकींना नावाने कमी आणि कोमाद्रे म्हणूनच जास्त हाक मारत. सख्ख्या बहिणीशी भांडता तरी येतं, कोमाद्रेशी तेही करायचं नसतं.

त्या वर्षी पेर्पेतुआला चोपन्नावं लागलं होतं. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती. पहिला नवरा वारल्यावर तिने कासिमिरोशी संसार मांडला होता. तो उसाचा ट्रक चालवायचा आणि तिच्याहून नऊ वर्षांनी लहान होता. गावाने त्यावर बोलायचं तेवढं बोलून घेतलं होतं. ती सेवेरियानाजवळ बाकावर टेकली, गळ्याशी रुमालाने वारा घेत राहिली, आणि मग उखळाकडे बघत बोलली. अंगातून वाफा निघतात, मानेवरून घाम ओघळतो, मग हुडहुडी भरते. ते एक असो. पण कासिमिरो जवळ आला की आत जळतं. वाळल्या मक्याच्या पानाने घासावं तसं. ती दोनदा पाठ फिरवून झोपली, तिसऱ्यांदा त्यानेच फिरवली. तेव्हापासून तो फार सभ्यपणे वागतो, आणि तेच तिला सोसवत नव्हतं.

“पाळी परत आण माझी, कोमाद्रे,” ती म्हणाली. “तुझ्या हाताला गुण आहे.”

सेवेरियाना स्वतः त्यातून गेली होती. गेलेली पाळी कुठल्याही पाल्याने परत येत नाही हे तिला चांगलं ठाऊक होतं. आईने शिकवलेली सतापीची जुडी होती खरी, पण ती अडचणीत आलेल्या पोरींसाठी, आणि अशी जहाल की या वयाच्या पोटात घालायची तिची छाती झाली नसती. नाही म्हणावं, तर समोरची बाई रडायच्या बेतात. तिने पुदिना घेतला, लिंबाच्या वासाचा पाला घेतला, आणि औषध जोरकस वाटावं म्हणून मुसळाचे घाव नेहमीपेक्षा जास्त घातले. नऊ दिवस घे म्हणाली. खोटं म्हणावं तर खोटं, दिलासा म्हणावा तर दिलासा.

तीन आठवड्यांनी, नाताळच्या आधी, पेर्पेतुआ चिपाची टोपली घेऊन बाजारात उभी. चीज घातलेल्या त्या गरम पावाच्या कड्यांचा वास आधी आला, मागून ती.

“आली,” ती म्हणाली.

“कोण आली?”

“पाळी, बाई. कोण येणार.”

मांसवाल्या तोमासाच्या हातातला सुरा हाडावर तसाच राहिला. मग एकदम कल्ला. तोमासा म्हणाली, “न्या पेर्पेतुआ, परत जाताना पाळणाही घेऊन जा, लाकूड स्वस्त आहे.” पेर्पेतुआ पोरीसारखी लाजली. तिने टोपलीतली सगळ्यांत मोठी चिपा सेवेरियानाच्या मांडीवर ठेवली आणि तिच्या दोन्ही हातांचे मुके घेतले.

सेवेरियानाने जुडीत काय घातलं होतं? पुदिना आणि लिंबाच्या वासाचा पाला. दुसरं काही नाही. ते तिला ठाऊक होतं आणि तिने तोंड उघडलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. दर शनिवारी चिपा येत राहिली. आजूबाजूच्या गावांतून बाया येऊ लागल्या. पेर्पेतुआची जुडी द्या म्हणत. सेवेरियाना पुदिना देत राहिली. माणूस स्वतःला काय काय पटवतो. आपल्या आजीच्या हाताला गुण होता म्हणतात, तो उतरला असेल आपल्या हातात, असं तिला वाटायला लागलं. मार्च संपेपर्यंत तर पुरतं वाटायला लागलं.

एप्रिलात, ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी एमिल्से राजधानीहून आली. ती असुन्सिओनच्या एका दवाखान्यात परिचारिका होती. धर्मसंबंधाच्या रीतीने तिने हात जोडून सेवेरियानाचा आशीर्वाद घेतला. आई बारीक दिसते, ती म्हणाली. सेवेरियानाला राहवलं नाही. मुलीशी आई असलं काही बोलत नाही, पण माद्रिनाने, धर्ममातेने, बोलायला काय हरकत. तिने हौसेने, आवाज खाली आणून, सगळं सांगितलं. पाळी कशी परत आली, डिसेंबरापासून कशी येते, कधी महिन्यातून दोनदासुद्धा.

एमिल्सेच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो सेवेरियानाला आधी कळलाच नाही.

“माद्रिना, थट्टा करता ना?”

“थट्टा कशाला करू?”

एमिल्से खाली जमिनीवरच बसली, पाल्याच्या देठांत. मग ती इतक्या हळू बोलली की सेवेरियानाला वाकावं लागलं. पाळी बंद होऊन वर्ष उलटलं की ती परत येत नसते. त्यानंतर रक्त दिसलं तर ती पाळी नव्हे. एक थेंब दिसला तरी दाखवायचं असतं, लगेच. कधी काही साधंच निघतं. कधी गर्भाशयाचा कॅन्सर निघतो. लवकर गेलं तर काढून टाकता येतो.

“चार महिने,” ती म्हणाली. “चार महिने तुम्ही सगळ्या मिळून काय साजरं करत होतात?”

सेवेरियानाने पाणी पिण्यासाठी हात पुढे केला तर भांडंच सापडेना. एमिल्से म्हणाली, मी सांगितलं तर आई म्हणेल, पोरीने आईच्या अंथरुणात डोकावू नये. डॉक्टरला तर ती कधीच हात लावू देणार नाही. तिचा विश्वास आहे तो तुमच्यावर. तुमच्या जुडीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेवेरियाना पेर्पेतुआच्या अंगणात गेली. मातीची भट्टी पेटली होती, पेर्पेतुआ कोपरापर्यंत पिठात होती. डॉक्टरकडे चल, एवढंच सेवेरियाना प्रथम म्हणाली. पेर्पेतुआ हसली. तुझी जुडी असताना डॉक्टर कशाला? मग तिला राग यायला लागला. तुला आता बघवत नाही वाटतं, म्हणाली. स्वतःचं बाईपण आटलं म्हणून माझं झोंबतं.

रुमालात बांधून आणलेला पाला सेवेरियानाने मक्याच्या उखळात टाकला, तेवढेच घाव घातले आणि मूठ पेर्पेतुआच्या नाकाशी धरली.

“हुंग.”

“पुदिना,” पेर्पेतुआ म्हणाली. “आणि तो लिंबाच्या वासाचा. हे मी नातवाला देते, पोट दुखलं की.”

“तेच.”

“आणि बाकीचं?”

“बाकीचं काही नाही, कोमाद्रे. नव्हतंच कधी.”

भट्टीतलं एक लाकूड ढासळलं. पेर्पेतुआ तिच्याकडे बघत राहिली, जणू या बाईला आयुष्यात पहिल्यांदा पाहते आहे. सेवेरियाना मुस्कटात बसायची वाट बघत होती. तिने गालही चुकवला नसता.

“चार महिने माझी चिपा खाल्लीस.”

“खाल्ली.”

“घशाखाली उतरली कशी तुझ्या?”

पेर्पेतुआने हातावरचं पीठ सावकाश खरवडून काढलं, बोटाबोटातून, आणि सोमवारी पहिली बस किती वाजता आहे ते विचारलं.

असुन्सिओनमधली डॉक्टर बाईच होती, चष्मा साखळीला लावलेली. एमिल्से कामावर होती, म्हणून सेवेरियानाच सोबत आत गेली. तपासण्याआधी डॉक्टरने विचारलं, रक्त किती दिवसांपासून? सेवेरियानाने मनातल्या मनात चार म्हटलंसुद्धा.

“सात महिने,” पेर्पेतुआ म्हणाली. “पहिल्यांदा सप्टेंबरात. थेंबभरच होतं.”

डॉक्टरने मान वर न करता लिहून घेतलं. सेवेरियानाला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. तिने बोटांवर मोजलं. जुडी नोव्हेंबरात दिली होती. पेर्पेतुआ तिच्याकडे बघत नव्हती, पडद्यामागे जाऊन स्कर्ट उतरवत होती.

तपासणी झाली, आतला तुकडा काढून तपासायला पाठवला, आणि दोघी बाहेर बाकावर बसल्या.

“म्हणजे माझ्याकडे आलीस तेव्हा,” सेवेरियाना म्हणाली.

“तेव्हा दोन महिने रक्त जात होतं.” पेर्पेतुआ समोरच्या भिंतीशी बोलत होती. तिची मावशी अशीच रक्त जाऊन जाऊन मेली होती, घरात कुणी त्या दुखण्याचं नावही काढलं नव्हतं. “मी भ्याले, कोमाद्रे. वाटलं, तुझी जुडी घेतली की या रक्ताला पाळी म्हणता येईल. आणि खरंच म्हणता आलं. तूसुद्धा म्हणालीस.”

“मला सांगायचं होतंस.”

“तू विचारशील असं वाटलं होतं. मी बाकावर बसून वाट बघत होते. तू मुसळ उचललंस.”

सेवेरियाना पुढे पुष्कळ जगली, दोन मुलं आणि नवरा तिने आपल्या डोळ्यांदेखत पोचवले. पण त्या बाकावर बसल्यासारखं पुन्हा कुठे बसावं लागलं नाही, असं ती म्हणायची. डिसेंबरात त्या टोपलीमागे हसत उभी राहिलेली बाई मनातून किती घाबरलेली होती, आणि आपण दोघी एकमेकींना फसवत एकाच खोटेपणाची चिपा कशा वाटून खात होतो, हे तिला एका दमात दिसलं.

कॅन्सरच निघाला. मे महिन्यात गर्भाशय काढलं. तो अजून बाहेर पसरला नव्हता, डॉक्टर म्हणाली. आणखी एक उन्हाळा गेला असता तर सांगता येत नव्हतं. कासिमिरो वॉर्डाच्या दाराशी टोपी हातात घेऊन आठ दिवस उभा होता. बसा म्हटलं तरी बसेना.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरने पेर्पेतुआला आपणहून विचारलं, नवऱ्याजवळ जाताना दुखायचं का? पेर्पेतुआने मान खाली घातली, मग हलवली. डॉक्टर म्हणाली, या वयात तिथली कातडी पातळ आणि कोरडी होते, अर्ध्या बायकांना होतं. टाके भरले की एक साधी जेली लावायची, जिच्यात औषध असं काही नसतं. फार्मसीत मिळते. चिठ्ठीही लागत नाही.

दोघी तिच्याकडे बघतच राहिल्या.

“फार्मसीत?” पेर्पेतुआ म्हणाली. “दात घासायच्या पेस्टजवळ?”

“जवळच कुठेतरी असेल.”

दवाखान्यासमोरच्या फार्मसीत सात-आठ गिऱ्हाइकं होती आणि काउंटरमागे एक पिकलेल्या मिशांचे गृहस्थ. पेर्पेतुआ दाराशी खुर्चीवर टेकली. सेवेरियाना पुढे गेली. काय हवं, त्यांनी विचारलं. तिने घसा साफ केला आणि बाजारात बोलायच्या आवाजात सांगितलं, पाळी गेलेल्या बाईला नवऱ्याजवळ जाताना दुखतं, त्यासाठी लावायची जेली. एका माणसाने वर्तमानपत्र खाली घेतलं. एका बाईने क्रूसाची खूण केली. मिशीवाल्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण ते वळले, फळीवर शोधलं आणि दोन नळ्या काढून ठेवल्या.

“मोठी की लहान?”

सेवेरियाना दाराकडे वळली. “कोमाद्रे, मोठी की लहान?”

पेर्पेतुआने दोन्ही हातांनी पोट घट्ट दाबून धरलं होतं. “हसवू नकोस, मेले, टाके तुटतील,” ती म्हणाली. आणि मग, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं, “मोठी.”