चौदा इंचांचा पीळ

ठकुबाईने चिंधीची कड दातांत धरून फाडली, पितळी गजाच्या टोकाला तीन वेढे दिले आणि ते टोक बंदुकीच्या नळीत अंगठ्याने दाबलं. जाईना. चिंधी तिला हवी होती तेवढी घट्ट झाली होती.

"काल तुझी चिंधी सैल होती, नूरुद्दीन. सैल चिंधी आट्यांवरनं घसरती. फिरायची ती फिरत न्हाई आणि माप वाढून येतं. आमच्या मालकांनी हे दहा वर्षांच्या पोराला शिकवलं हुतं. तुला पन्नाशीत शिकवायची पाळी आली."

नूरुद्दीन मूळचा दापोलीचा. आखातात, देऱ्यातल्या या शिकारीच्या दुकानामागच्या खोलीत तो बावीस वर्षं बंदुका दुरुस्त करत होता. त्याने चष्मा कपाळावर सारला.

"मावशी, मी तीनदा मोजलंय."

"तीनदा सैल मोजलंस."

नळी नवी होती, जर्मनीहून आलेली. तिची मागणी ऑक्टोबरात प्रल्हादने लिहिली होती, याच दुकानात कामाला असलेल्या ठकुबाईच्या मुलाने. जानेवारीत शारजाच्या रस्त्यावर एका ट्रेलरने त्याची गाडी चिरडली आणि तो गेला. नळी पोचली मार्चमध्ये. अबू हमद नावाचं जुनं गिऱ्हाईक ती लावून टांझानियाला जाणार होतं, बैलाएवढ्या हरणाच्या शिकारीला. त्यासाठी दोनशेवीस ग्रेन वजनाची लांब, जड गोळी ठरली होती. अशा गोळीला नळीच्या आत कोरलेल्या पिळाच्या आट्यांनी दहा इंचांत एक पुरा वेढा द्यावा लागतो. पीळ त्याहून सावकाश असला तर गोळी डोलते, आडवी होऊन लागते, आणि जखमी जनावर माणसाच्या अंगावर येतं. ही नळी नूरुद्दीनच्या मापाने चौदाची निघाली होती. म्हणजे हलक्या गोळीची. अबू हमद चार वाजता येणार होता आणि चूक कुणाची, ते त्याला सांगावं लागणार होतं.

ठकुबाई कोल्हापुराहून आली होती ती फक्त हा गज न्यायला. गज तिच्या नवऱ्याचा, बाबाजींचा. त्यांनी तो मुलाला दिला होता. पण काल दुकानात पाय ठेवला आणि मुलाच्या नावावर चूक चढतेय हे तिच्या कानांवर आलं. मग ती हलेना.

"माझा पोरगा पीळ चुकणार? नाव चुकंल, गाव चुकंल. पीळ न्हाई."

दाराशी एमिली उभी होती. प्रल्हादची बायको, वसईची ख्रिश्चन. हॉटेलच्या रिसेप्शनवरून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती, गळ्यातली नावाची पट्टी तशीच होती.

"तिला म्हणावं, उजेडातनं बाजूला हो," ठकुबाई नूरुद्दीनला म्हणाली.

एमिली दोन हातांवर होती. ती बाजूला झाली. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि सासूने तिच्याशी अजून एक शब्द थेट काढला नव्हता. आता सासू तीन दिवस याच गावात होती, तेही अल नहदा भागात पुतण्याच्या, सतीशच्या घरी उतरून.

पण पीळ एकट्याने मोजता येत नाही. एकाने गज सरळ ओढायचा, मनगट न वळवता; तो मुठीत आपोआप फिरतो. दुसऱ्याने त्याला बांधलेल्या दोऱ्याच्या गाठीवर नजर ठेवायची. गाठ वर असताना नळीच्या तोंडाशी गजावर खडूची एक खूण, आणि एक फेरी घेऊन ती पुन्हा वर आली की दुसरी. दोन खुणांमधलं अंतर तेच माप.

नूरुद्दीन पुढे झाला.

"तू नको. तू आधीच चौदा धरून बसलायस." तिने खोलीभर पाहिलं. खोलीत तिसरं एकच माणूस होतं. "तिला म्हणावं, गाठ बघ."

तोवर एमिलीने खणातून लाल दोरा काढला होता. तो गजाला गुंडाळून तिने गाठ मारली, बोटाला थुंकी लावून ती आवळली आणि पहिली खूण केली. ठकुबाई त्या बोटाकडे बघत राहिली. थुंकी लावायची सवय तिची स्वतःची. बाबाजी त्यावरून तिला हसायचे.

"ओढा," एमिली म्हणाली. "सावकाश. गाठ खाली गेली. पोटाखाली आहे. येतेय, येतेय... आली डोक्यावर."

ठकुबाईचा हात थांबला. 'आली डोक्यावर' हे बाबाजींचं म्हणणं. कोल्हापूरच्या त्यांच्या दुकानाबाहेर ते कुणी कधी म्हटलं नव्हतं.

तिने पुन्हा गज आत घातला. पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा चिंधी बदलली, चार वेढे दिले. शाळा तिने तिसरीत सोडली होती, पण टेपवरचे आकडे तिला दुसऱ्या कुणी वाचून दाखवलेले चालत नसत.

"चौदा," ती म्हणाली.

नूरुद्दीनने टेप गुंडाळली. "मावशी, मी सांगतो कारखान्याकडून चुकलं. अबू हमद कागद बघत नाही. विषय संपला."

"माप खोटं सांगायचं न्हाई." तिचा आवाज मघासारखा नव्हता. "बंदूक घेऊन जनावरापुढं माणूस उभा ऱ्हातो तो आपल्या मापावर. कागद दाव."

मागणीचा कागद आला. मजकूर इंग्रजी होता, पण चौदाचा आकडा प्रल्हादच्याच हातचा होता. चारचं तोंड तो असंच उघडं ठेवायचा, लहानपणी तिने त्यावरून पाटी फेकून मारली होती. आकड्यावर तारीख होती. सव्वीस, दहा, नव्व्याण्णव.

बाबाजी त्याच महिन्याच्या तेवीसला वारले होते. मधले दिवस बोटांवर मोजायची गरज नव्हती.

"मला तेव्हाच कळायला हवं होतं," नूरुद्दीन म्हणाला. "बारा वर्षांत या पोराने अर्ध्या इंचाची चूक केली नाही. त्या दिवशी त्याला दुकानात फोन आला होता. फोन ठेवला आणि हे लिहायला बसला. कुणाचा होता गं, एमिली?"

फोन ठकुबाईचा होता. महाद्वार रोडवरच्या बूथमधून, रांगेतले लोक ऐकत असताना, ती मोठ्याने बोलली होती. प्रल्हाद म्हणाला, आई, तिकीट मिळालंय. ती म्हणाली, दहाव्याला यायचं न्हाई. तुझ्या हातचा पिंड आमाला नको. कावळा न्हाई शिवला तरी चालंल. मग दहाव्याला गावाकडच्या दुसऱ्या पुतण्याने पिंड ठेवला आणि कावळा दुपारी दोनपर्यंत शिवला नाही. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

एमिली दोऱ्याच्या गाठीकडे बघत होती.

"माझा," ती म्हणाली. "घरी काहीतरी बिनसलं होतं. मीच बोलले त्याला नाही नाही ते."

नूरुद्दीनने कागदाची घडी घातली. ठकुबाईने पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला आणि स्टुलावर बसली.

अबू हमद चारला दहा कमी असताना आला. उंच, म्हातारा, हातात काठी. नूरुद्दीनने नळी दाखवली, आकडा सांगितला.

"चौदह?" अबू हमद म्हणाला. "मैं दस बोला था. किसका गलती?"

नूरुद्दीनने तोंड उघडायच्या आत ठकुबाई उठली.

"मेरी."

"ये कौन?"

"प्रल्हाद की माँ."

अबू हमदने काठी टेबलाला टेकवली आणि उजवा हात छातीवर ठेवला.

"उस दिन मैंने फोन किया उसको," ठकुबाई म्हणाली. तिची हिंदी अडखळत होती. "खराब बात बोली. उसके बाद उसने ये लिखा. गलती मेरी हाय. उसकी नहीं. इसकी भी नहीं."

"हाँ, अम्मा," अबू हमद हळू आवाजात म्हणाला. "हर माँ ऐसा ही बोलता है."

"सच बोलती मैं!"

"हाँ, हाँ." तो नूरुद्दीनकडे वळला. "खलास. दूसरा मँगाओ, दस वाला. ये भी मैं रखेगा, छोटा हिरन के वास्ते. नली में कुछ खराब नहीं. भारी गोली इससे नहीं सँभलेगा, बस."

नूरुद्दीन चष्मा पुसत होता. त्यालाही तेच वाटत होतं, मुलाला पाठीशी घालणारी आई. अबू हमदला सोडायला तो दारापर्यंत गेला.

खोलीत दोघी उरल्या. एमिली गजावरचा दोरा नखांनी सोडवत होती.

"अगं," ठकुबाई म्हणाली.

एमिलीने वर पाहिलं.

"फोन झाल्यावर जेवला का गं तो?"

"हो," एमिली म्हणाली. "जेवला की. रोजच्यासारखाच."

 ठकुबाईने गजाचं दुसरं टोक हातात धरलं.

"माप खोटं सांगायचं न्हाई."

दोरा एमिलीच्या बोटात तसाच राहिला.

"नाही जेवला," ती म्हणाली. "दोन दिवस."

ठकुबाईने मान हलवली, आकडा ऐकला की हलवायची तशी.