डॉक्टरीणबाईंच्या मोटारसायकलचा दिवा

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे. माझ्या जातीच्या गाड्या आता बनत नाहीत. माझा एखादा नट हरवला, तर तो शोधायला अर्धे गाव पालथे घालावे लागते.

कारखान्यातून मी दुकानात आले, तेव्हा एक तरुणी मला निरखत उभी राहिली. दुकानदाराने हसत विचारले, "घरी कोण चालवणार ही?"

"घरात कशाला चालवायची? रस्त्यावर चालवीन," ती म्हणाली.

ती गुरांची डॉक्टर होती. अडलेली गाय असो की पोट फुगलेली म्हैस, निरोप आला की आम्ही दोघी निघत असू. माझी धडधड ऐकू आली, की लोक गोठ्याचे दार उघडून ठेवत. पुढे तिने काम थांबवले आणि मी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिले. अंगावर गंज चढला.

मग तिच्या भावाच्या मुलीला पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. प्रयोगशाळा घाटापलीकडे; परतताना रोज अंधार होणार. "आत्या, ही गाडी मला दे ना," ती म्हणाली. आत्या हरखली. तिने माझा गंज खरवडला आणि स्वतः ब्रश घेऊन कानाकोपऱ्यात गर्द हिरवा रंग लावला. शेजारपाजारचे लोक मुद्दाम पाहायला आले. मला नव्या नवरीसारखे वाटत होते.

पण दिवा लावला, तर काजव्याएवढा उजेड! हॉर्न दाबला, की तोही जाई. इंजिनाला ठिणगी वेगळ्या यंत्रातून मिळते, त्यामुळे ते मात्र सुरळीत चाले. नवी बॅटरी आणली, बल्ब बदलला, काही उपयोग झाला नाही.

शेवटी आत्याने निकाल दिला. "आज दिवा लागला तर लागला. नाहीतर उद्या ही फर्निचरच्या दुकानात शोभेला जाईल. त्यांनी मागितलीच आहे. घाटात आंधळी गाडी मी तुला देणार नाही."

मित्रांनो, मी आतून हादरले. सोफ्यांच्या मध्ये, पेट्रोलचा थेंबही पोटात नसताना, मी जन्मभर काय करू?

भाचीने शेडचे दार लोटले. नवा बल्ब तिने थेट बॅटरीला जोडला. तो लख्ख पेटला. "म्हणजे बॅटरी चांगली, बल्बही चांगला. मग बिघाड वाटेत आहे," ती पुटपुटली.

"भिंतीशी बोलतेस की माझ्याशी?" आत्याने विचारले.

"तुझ्याशीच गं. वीज बॅटरीतून दिव्याकडे तारेने जाते, पण परत येते गाडीच्या सांगाड्यातून. तिला परत यायला वाट मिळाली नाही, तर दिवा कसा लागणार?"

तिने एका सुट्या तारेचे एक टोक बॅटरीच्या परतीच्या टोकाला लावले आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवले. दिवा झळाळला. तार उचलली, पुन्हा काजवा.

मग तिने सीट काढली. तिथे बॅटरीची तार बोल्टने माझ्या सांगाड्याला जोडलेली होती, आणि त्या जोडाखाली होता जाड, गुळगुळीत, सुंदर हिरवा रंग. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम जाई, तेवढाच उजेड पडे.

"आत्या, इथला रंग खरवडावा लागेल."

"अगं, किती जिवापाड लावलाय तो!"

"नाण्याएवढीच जागा. सीटखाली कुणाला दिसतंय?"

आत्याने वाकून सीटखाली पाहिले. मग तिने हात पुढे केला. "आण तो सँडपेपर. तू भलतीकडे घासशील."

तिने बॅटरीची तार सोडवून ठेवली आणि ती घासायला लागली. हिरवी भुकटी उडाली आणि आतला धातू चकाकला. जोड आवळला, कळ दाबली. समोरची भिंत उजळून निघाली. भाचीने हॉर्न दाबला, तरी दिवा ढिम्म हलला नाही.

"बहिरी करशील मला, कार्टे!" आत्या ओरडली. तिने लगेच दुकानात फोन लावला. "गाडी मिळणार नाही. उद्यापासून तिला कामावर जायचंय... तिला म्हणजे कुणाला काय? गाडीला!"

मित्रांनो, जुन्या यंत्रांना रंग जरूर द्या, आम्हालाही नटायला आवडते. पण जिथे धातूला धातू भिडायला हवा, ती जागा कोरी ठेवा, स्वच्छ ठेवा. एखादी वस्तू चालेनाशी झाली, तर टाकून देण्याआधी तिची अडचण कुठे आहे ते शांतपणे शोधा. आणि आम्हाला नुसते पुसू नका, वापरा.

आता मला निघायला हवे. भाची घाटाचा रस्ता पाहून येणार आहे. आत्या मागच्या सीटवर चढली आहे आणि गाडी हलायच्या आधीच तिच्या सूचना सुरू झाल्या आहेत.